सात चर, पंधरा मीटर उंचीवरून

रविवार, २० एप्रिल, सकाळचे सहा चाळीस. ठरलेली रक्कम चार हजार पाचशे रुपये, एका सकाळच्या एका उड्डाणाची. हजर: ड्रोन उडवणारी मुलगी, मी, माझी बायको, तिचे वडील म्हणजे माझे सासरे, आणि सासऱ्यांच्या झाडं लावणाऱ्या गटाचे प्रमुख असलेले एक निवृत्त मुख्याध्यापक. सासरे टेकडीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बाकीचे आम्ही उभे होतो.

सासऱ्यांची चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात गेली. टूलरूममध्ये लेथवर. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या दक्षिणेला, आता महापालिकेत आलेल्या एका गावात तळमजल्याचा छोटा फ्लॅट घेतला. आम्ही शनिवार पेठेतले, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं म्हणजे आमच्या घरात अजूनही 'गावाला जाणं' असतं. फ्लॅटच्या मागे गायरानाची टेकडी आहे. तिच्यावर पाणी मुरवण्यासाठी आडवे चर खणलेले आहेत, एकावर एक सात. मुख्याध्यापक, सासरे आणि आणखी सात-आठ निवृत्त मंडळींनी चौदा वर्षांत त्या चरांच्या कडेने झाडं लावली. कडुनिंब, करंज, बहावा, थोडी बोरं. दर रविवारी प्रत्येकाने पाच लिटरचे दोन कॅन वर न्यायचे. एका चरात चव्वेचाळीस झाडं, असे सात चर, आणि माथ्यावर चार. एकूण तीनशे बारा. हा आकडा सासरे कुणालाही, न विचारता, सांगायचे.

नोव्हेंबरात त्यांच्या कानाच्या आतल्या भागात काहीतरी बिघडलं आणि चक्कर सुरू झाली. साधी चक्कर नव्हे. एकदा आली की दोन दिवस डोळे मिटून पडून राहायचं, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. टेकडी बंद झाली. डॉक्टरांनी सांगितलं, हलणारं चित्रही बघू नका. तेव्हापासून ते क्रिकेटची मॅच टीव्हीकडे पाठ करून बघतात.

मार्चमध्ये टेकडीचं गवत पेटलं. गटातली मंडळी संध्याकाळी त्यांना सांगून गेली, "खाली दोन-चार होरपळली. बाकी सगळं झकास." पण सासरे आयुष्यभर हजारांश इंचाचा फरक बोटाने ओळखणारा माणूस. त्यांच्या लक्षात आलं की त्या दिवसापासून रविवारच्या चहाला कुणी आकडा सांगत नाही. आधी जो तो येऊन सांगायचा, तीनशे बारा. आता 'झकास' सांगत होते.

"फोटो काढून आणतो," मी म्हटलं.

"फोटो नको. काय दाखवायचं ते फोटो काढणारा ठरवतो."

"मग व्हिडिओ काढतो. चालत जाऊन."

"तुमचा व्हिडिओ मी बघितलाय जावईबुवा. नातवाच्या मुंजीचा. तेव्हा माझे कान चांगले होते, तरी उमासे आले."

हे खरं होतं. मुंजीच्या व्हिडिओत भटजींपेक्षा माझे बूट जास्त वेळ दिसतात.

त्यांचं म्हणणं इतकंच होतं की पहिल्या चरापासून सातव्यापर्यंत, न तोडता, न हलता, एका ओळीने सगळं दिसलं पाहिजे. चालत गेल्यासारखं. म्हणजे मोजता येईल. एवढी चौदा वर्षं पाणी घालून आता कुणी आपल्याला गोड बोलून झोपवतंय का, हे त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं. 'मरायच्या आधी' हे शब्द त्यांचेच. बायकोने त्यावर त्यांना दटावलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ कांदा चिरत बसली.

ड्रोनची कल्पना माझी. मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात आहे. मला काम दिलं की मी आधी नियम वाचतो. ड्रोनच्या सरकारी नकाशात पुण्याचा कितीतरी भाग लाल-पिवळा, म्हणजे बंदीचा किंवा परवानगीचा आहे. विमानतळ, लष्कर, आणखी काय काय. आमच्या पेठेत तर ड्रोन घरात टेबलावर ठेवतानाही मला अवघडल्यासारखं झालं असतं. सासऱ्यांची टेकडी मात्र हिरव्या भागात येत होती. मी तीन वेगवेगळ्या दिवशी तपासलं. मग लग्नांचं शूटिंग करणारी एक मुलगी मिळाली. सत्तावीस वर्षांची असेल, ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला, कागदपत्रं व्यवस्थित. मी सगळी वाचली. वाचून संपल्यावर ती म्हणाली, "काका, आता तुमचं आधार कार्ड दाखवा."

आमचा वाद फोनवरच सुरू झाला. ड्रोन उडवायचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे हाताने, रिमोटच्या दोन दांड्या बोटांनी ढकलत. दुसरा म्हणजे वाटेतले बिंदू, उंची आणि वेग आधीच भरून ठेवायचा, की ड्रोन आपला आपण त्या वाटेने जातो. मी अर्थातच दुसऱ्या पक्षाचा. माणसाचा हात थरथरतो, आकडा थरथरत नाही.

"काका, ऐका ना. टेकडी आहे. मी आधी हाताने एकदा फिरवते, आय मीन, फील घेते. मग बघू."

"फील नको. मी सगळं मोजून देतो."

"तुम्ही इंजिनिअर का?"

"कॉस्टिंग."

"ओके," ती म्हणाली. त्या 'ओके'त बरंच काही होतं.

मी खरंच मोजलं. चरांची टोकं वरून दिसावीत म्हणून मंडईजवळून केशरी प्लॅस्टिकच्या चौदा ताटल्या आणल्या. बायकोने विचारलं, "जेवायला कोण कोण आहे?" शनिवारी दुपारी टेप घेऊन टेकडी चढलो. चर सरासरी एकशे दहा मीटरचा. पायथ्यापासून सातवा चर एकवीस मीटर उंच. झाडं जास्तीत जास्त चार मीटर. मग आलेखाच्या कागदावर सगळं मांडलं. ड्रोन पायथ्यापासून तीस मीटरवर ठेवायचा, म्हणजे सगळ्यात वरच्या चरातही नऊ मीटर मोकळे आणि झाडाला धडकायची भीती नाही. वेग सेकंदाला तीन मीटर. सात चरांचे सातशे सत्तर मीटर, म्हणजे सव्वाचार मिनिटं, वर चढायचा वेळ धरून पाच. जेवढा वेळ कमी तेवढा सासऱ्यांना त्रास कमी. कॅमेऱ्याचं तोंड सतत टेकडीकडे. ड्रोनने खेकड्यासारखं आडवं सरकत जायचं, कुठेही वळायचं नाही.

मोजताना मला अर्थातच दिसलं होतं. पहिला चर काळा, दुसरा काळा, तिसऱ्यातही निम्म्यापर्यंत आग गेली होती. दोन-चार नव्हती. मी मोजली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा समोर मोजण्यासारखं काही होतं आणि मी मोजलं नाही.

तर त्या रविवारी मुलीने माझे आकडे भरले. "काका, उंची हा टेकऑफच्या जागेपासून धरतो, माहितीये ना?" तिने विचारलं. मी तिला आलेखाचा कागद दाखवला. तिने तो बघितला, परत केला, आणि बटण दाबलं. ड्रोन उठला, ठरल्या जागी गेला आणि सरळ रेषेत सरकायला लागला. इतका सरळ की माझे डोळे भरून आले. पाच मिनिटं नऊ सेकंद.

शेजारच्या शेतात म्हशीला वैरण घालणाऱ्या मावशी कुंपणापाशी आल्या. त्या मूळच्या गावातल्या. जमीन अजून त्यांचीच, चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या तरी. "त्ये काय हाय? सरकारी हाय का?"

"नाही मावशी, खाजगी आहे."

"मंग म्हशीवरनं नेऊ नका. आटंल ती."

घरी येऊन सासऱ्यांना टॅब्लेट दिला. मोठ्या पडद्याला बायकोची परवानगी नव्हती. हातभर अंतरावर टॅब्लेट, मागे उशी, शेजारी तांब्या आणि बादली. पहिला चर सुरू झाला. चित्र काचेसारखं स्थिर. सासरे पुढे झुकले.

"फार लहान दिसतंय हो. झाडं आहेत का मोहरी?"

"उंचीवरून आहे ना, बाबा."

"हे काळं काय आहे?"

खोलीत आम्ही चौघं होतो. मुख्याध्यापक म्हणाले, "सावली. सकाळची लांब पडते." बायको खिडकीतून बाहेर बघू लागली. मी आकडेवाला माणूस, मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

तिसऱ्या चरापासून झाडं मोठी होऊ लागली. चौथ्यात ती ओळखू येऊ लागली. सासरे खुश. "हा माझा बहावा. हा पहा." पाचव्यात ती जोरात सरकू लागली. सहाव्यात झाडं पडद्यावरून धावत होती. ड्रोनचा वेग तोच, रेषा तीच, एका बोटाचाही हिसका नाही, पण जमीन जवळ आली होती. चालत्या गाडीतून लांबचा डोंगर हळू जातो आणि रस्त्याकडेचे खांब पळतात, तसं. अठ्ठावीस मीटरवरून सुरू केलं होतं आणि आता बारावर होतो. सासऱ्यांनी टॅब्लेट उलटा ठेवला, उशी घट्ट धरली आणि म्हणाले, "बादली."

मंगळवारपर्यंत ते उठले नाहीत.

त्या दोन दिवसांत बायको माझ्याशी जे बोलली ते थोडक्यात असं: "अहो, तुमचा कागद बरोबर होता ना? मग झालं तर." हे तिने वेगवेगळ्या वेळी चारदा म्हटलं, आणि दर वेळी भांडं ठेवायचा आवाज थोडा मोठा होता.

बुधवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाज हळू. "हे पाहा, पुन्हा काढायचंच असेल तर वरचे चारच चर काढा. छान हिरवे आहेत. खालचं दाखवून काय मिळवणार आपण? त्यांच्याकडे आता दुसरं आहे तरी काय?"

"त्यांनी सात सांगितलेत."

"अहो, तुम्ही भरून द्याल तिथूनच जाणार ना ते यंत्र? त्याला काय कळतंय सात की चार."

हे बरोबर होतं, आणि त्यातच गोची होती. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "काका म्हणतायत ते पटतंय मला. बाबांना आणखी काही नको आता." मग थोड्या वेळाने, "पण त्यांनी विचारलं तर माझ्याकडे बघू नका. मला खोटं बोलता येत नाही." मी आलेखाचा कागद काढला आणि खालचे तीन चर पेन्सिलीने खोडले. वेळ वाचत होता, बॅटरी वाचत होती, सासऱ्यांचा त्रास कमी होत होता. ज्या बाजूने बघावं त्या बाजूने स्वस्त पडत होतं. ऑफिसात असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, हे तीन आकडे का गाळले?

रात्री जेवणानंतर सासऱ्यांचाच फोन. आवाज बारीक, पण ठणठणीत.

"जावईबुवा, झिरो कुठे पकडला होतात?"

"काय?"

"उंचीचा झिरो. माप कुठून सुरू केलंत?"

"पायथ्यापासून."

"हं. तरीच. अहो, काम टेकडीवर आणि झिरो पायथ्याला? दर ओळीला झिरो बदलायला नको का? जॉब तिरका असेल तर टूल तिरकं चालवावं लागतं." मग थांबून, "वेगही कमी करा. तीन म्हणजे पळणं झालं. मी कॅन घेऊन कधी पळालो नाही."

"हो बाबा."

"आणि चर किती धरलेत?"

माझ्यासमोर खोडलेला कागद होता. बायको टेबल पुसायची थांबली होती.

"सात," मी म्हटलं. फोन ठेवला आणि खोडरबर शोधायला गेलो.

पुढचा रविवार, २७ तारीख. तेच सगळे हजर, तीच खुर्ची. यावेळी मुलीने मला कागद काढूच दिला नाही. "काका, आज मी हाताने. प्लीज. तुम्ही फक्त मावशींना सांभाळा."

तिने अंगठा आणि बोट, दोन्हींनी दांडी चिमटीत धरली. लोक नुसत्या अंगठ्याने ढकलतात म्हणून चित्राला धक्के बसतात, असं ती म्हणाली. दांडीची धार तिने आधीच बोथट करून ठेवली होती, म्हणजे बोट जास्त हललं तरी ड्रोन थोडाच हलायचा. आणि खरंच, तिचं उडवणं बघण्यासारखं होतं. टेकडी वर गेली की ड्रोन वर जायचा, शेजारून कुणीतरी पाठीवर हात ठेवून चालवत नेल्यासारखा. पहिला, दुसरा, तिसरा चर सुरेख. मग कुंपणापलीकडून, "म्हशीकडं चाललंय त्ये!" तिची मान वळली, मान वळली म्हणून हात वळला, आणि चौथ्या चराच्या मधोमध एक हिंदकळा. सहाव्यापर्यंत अंगठा भरून आला. सातवा तिने उरकला. लग्नात उरकतात तसा.

हा व्हिडिओ सासऱ्यांना दाखवायच्या आधी बायकोने स्वतः पूर्ण पाहिला आणि टॅब्लेट बंद केला. "हिंदकळा आहे. नाही द्यायचा."

सासरे खुर्चीतून म्हणाले, "कितव्या ओळीत?"

"चौथ्या, आजोबा. सॉरी. त्या मावशी ओरडल्या."

"आणि घाई कुठून आली?"

मुलगी हसली. "सहाव्यानंतर. तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"हाताचं तसंच असतं. पहिले चार नग चोख, मग हात स्वतःवर खुश होतो." त्यांनी खुर्ची ओढली, म्हणजे सूर लावला. "आमच्याकडे अडनिडा जॉब आला की पहिला नग हाताने काढायचा. हळू, चुकत-माकत, हात लावून बघत. त्याच्यावरून मापं बांधायची. मग मशीनला द्यायचं आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं. पहिलाच नग मशीनवर टाकणारा गाढव. सगळेच नग हाताने काढणाराही गाढव. तुम्ही दोघं आठवडाभर वाटून घेतलंत."

"आजोबा, हे होतं!" मुलगी म्हणाली. "हाताने जात जात प्रत्येक पॉइंट सेव्ह करायचा, उंची जिथली तिथली. मग तो रिपीट करतो. मी काकांना पहिल्या फोनला हेच सांगत होते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बॅटरी किती उरली आहे?"

तिने दुसरी बॅटरी घातली. ड्रोन हाताने नेला, प्रत्येक चराला पाच ठिकाणी थांबवला, जमिनीपासून पंधरा मीटरचा अंदाज घेतला, ठिकाण नोंदवलं. पंधरा मीटर बरोबर की नाही हे ती पडद्यावर झाड केवढं दिसतं त्यावरून ठरवत होती, बोटाच्या पेराएवढं. मला हे आकड्यात लिहून घ्यायचं होतं, पण पेन खिशातच ठेवलं. पस्तीस ठिकाणं झाली. मग वेग दीड मीटर ठेवला. तिसऱ्या बॅटरीवर यंत्राला सोडून दिलं आणि तिने खरोखर हात मागे बांधले. साडेनऊ मिनिटं. मी मावशींपाशी उभा होतो.

"आता हलू नगंस म्हशी," त्या म्हशीला म्हणाल्या.

घरी तीच उशी, तोच तांब्या, तीच बादली. मुख्याध्यापक दाराजवळ उभे. मी म्हटलं, "बसा ना." ते म्हणाले, "बरं आहे इथे."

पहिला चर. झाडं पेराएवढी, एका मागोमाग एक, सावकाश. काळी. सासऱ्यांनी उजव्या हाताचं बोट उशीवर टेकवलं आणि हिरवं आलं की उचलायचं असं सुरू केलं. बोट फार वेळा उचललं गेलं नाही. पहिल्या चरात सहा. दुसऱ्यात तीन.  तिसऱ्या चराच्या मध्यावर काळं संपलं आणि बोट सुरू झालं, एकोणीस. चौथ्यात ते तोंडाने मोजू लागले. एक्केचाळीस. मग त्रेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. माथ्यावरची चार. चित्र संपलं. बायकोचा एक हात बादलीवर होता.

"बाबा, चक्कर?"

"नाही." त्यांनी बेरीज केली. माझ्याआधी केली, हे इथे नमूद करतो. "दोनशे दोन. एकशे दहा गेली."

बायकोने बादलीवरचा हात काढला.

"सावली नव्हती ती," सासरे म्हणाले.

मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून…"

"मला त्रास कानाचा आहे हो. डोळ्यांचा नाही. एकशे दहाचे दोन-चार करता? चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंत म्हणे."

"मराठी," मुख्याध्यापक म्हणाले. "गणित नव्हतं माझ्याकडे."

"ते दिसलंच."

सासरे हसले, आणि मग मुख्याध्यापक आत येऊन खुर्चीवर बसले. सासऱ्यांनी तिसऱ्या चराचा भाग पुन्हा लावायला सांगितला. मी घाबरलो, पण आमच्याबरोबर घरी आलेल्या ड्रोनवाल्या मुलीने नेमकी ती जागा काढली आणि चित्र थांबवलं. काळं आणि हिरवं जिथे मिळतं तिथे एक पायवाट होती, पाऊण मीटर रुंद, लोकांच्या चालण्याने उघडी पडलेली. आग तिथे येऊन थांबली होती. त्या शनिवारी दुपारभर मी त्या पायवाटेवरून टेप घेऊन फिरलो होतो आणि मला ती दिसली नव्हती. पंधरा मीटर वरून मात्र ती पाटीवर खडूने ओढलेल्या रेघेसारखी स्वच्छ होती.

"इथे गवत नाही म्हणून वाचलं," सासरे म्हणाले. "अशा पट्ट्या चौथ्याला आणि सहाव्याला काढायला पाहिजेत. मे अजून जायचाय. पुन्हा पेटलं तर हेही जाईल."

"आमच्याच्याने नाही होणार आता गवत कापणं," मुख्याध्यापक म्हणाले. "नऊ जणांत मिळून सहा गुडघे चांगले आहेत."

संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. त्या धारेला बसल्या होत्या. गवताचं विचारलं तर म्हणाल्या, "दर साली आमी कापायचो की, म्हशीला. तुमच्या त्या म्हाताऱ्यांनी झाडं लावली आन् आमाला म्हनले, हितं येऊ नका, रोपं तुडवाल. मंग वाढलं गवत. आन् पेटलं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं का कुनी?"

मी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.  सासऱ्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाले, "ती 'येऊ नका'ची पाटी कुणी रंगवली होती?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सासरे म्हणाले, "हं. अक्षर माझंच आहे, मला आठवतंय. उद्या काढून टाका."

मावशी आणि त्यांची जाऊ, दोघींनी चार दिवस गवत कापलं. चौथ्या आणि सहाव्या चराच्या खाली दोन-दोन मीटरच्या पट्ट्या, माथ्याभोवती एक. गवत त्यांनीच नेलं. पहिल्या चरातल्या काही काळ्या करंजांना बुडातून पालवी आली आहे असं मावशींनी सांगितलं. सासरे म्हणाले, ती मोजायची नाहीत, पुढच्या वर्षी टिकली तर धरू.

ड्रोनवाल्या मुलीने दुसऱ्या रविवारचे तीन हजारच मागितले. हाताचं उड्डाण वाया गेलं, त्याचे पैसे नको म्हणाली. सासऱ्यांनी ऐकलं नाही. फेकून दिलेल्या नगालाही मशीनचा वेळ लागतोच, असं त्यांनी तिला समजावलं. तिला दोन्ही रविवारचे मिळून नऊ हजार दिले, माझ्या खात्यातून, फोनवरून. गवताचे, दोघींचे प्रत्येकी रोज पाचशेप्रमाणे चार दिवसांचे चार हजार, सासऱ्यांनी आपल्या पेन्शनमधून काढले आणि १ मे रोजी संध्याकाळी, माझा हात धरून कुंपणापर्यंत चालत जाऊन, मावशींच्या हातात रोख दिले.